‘क्न्याझ’ म्हणजे राजपुत्र नव्हे

प्रश्न असा: एका मराठी लेखात तेराव्या शतकातल्या, आजच्या उत्तर पोलंडमधल्या पोमेरेनियाच्या श्व्येंतोपेउकला ‘राजपुत्र’ म्हटले आहे. तो कोणत्या राजाचा पुत्र? आणि राजपुत्र नाही, तर त्याला म्हणावे काय?

शंका अगदी रास्त आहे. त्याचे वडील मेस्टविन राजे नव्हते. पोलंडला तर त्या काळी अभिषिक्त राजाच नव्हता! राजा दुसरा बोलेस्वाव १०७९मध्ये परागंदा झाला, त्यानंतर थेट १२९५मध्ये पुन्हा राज्याभिषेक झाला. राजाच नाही, तिथे राजपुत्र कुठला?

मूळ पोलिश शब्द ‘क्शाँझे’. रशियन ‘क्न्याझ’ त्याचाच भाऊबंद. दोन्ही जुन्या जर्मानिक ‘कुनिंगाझ’वरून आले, इंग्रजी ‘किंग’ही तिथलाच. पुढे स्लाव्हांनी फ्रँक सम्राट शार्लमेनच्या ‘कार्ल’ या नावावरूनच राजाला शब्द घेतला (पोलिशमध्ये ‘क्रुल’) आणि क्न्याझ एक पायरी खाली उतरला. इंग्रजीत त्याचा ‘प्रिन्स’ झाला, आणि प्रिन्स दिसला की आपण राजपुत्र लिहून मोकळे होतो. पण प्रिन्सच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘प्रिन्सेप्स’चा अर्थ अग्रणी, पहिला. त्यात पुत्र कुठेच नाही.

श्व्येंतोपेउकच्या बाबतीत ही चूक जास्त खटकते, कारण त्याच्या आयुष्यात पदवीलाच मोल होते. वडील दानपत्रात स्वतःला ‘ग्दान्स्कचा प्रिन्सेप्स’ म्हणवत. क्राकूवचा पोलिश क्शाँझे लेशेक या घराण्याला आपल्या हाताखालचे कारभारी मानी. १२२७मध्ये गोंसावा इथे भरलेल्या पोलिश अधिपतींच्या सभेच्या वेळी लेशेक मारला गेला (त्यात श्व्येंतोपेउकचा हात होता का, यावर इतिहासकार अजून भांडतात), आणि तेव्हापासून श्व्येंतोपेउक ‘दुक्स’, म्हणजे स्वतंत्र अधिपती, म्हणून वावरू लागला. ते स्वातंत्र्य टिकवायला तो १२४२पासून ट्यूटॉनिक सरदारांशी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाशी, लढला. सख्खे भाऊ साम्बोर आणि रातिबोर शत्रूला मिळाले, तरी १२६६मध्ये मरेपर्यंत त्याने ग्दान्स्क सोडले नाही.

म्हणून माझे मत: १२२७पूर्वी ‘मांडलिक’, नंतर ‘अधिपती’. ‘संस्थानिक’ नको, त्या शब्दाला इंग्रजी अमदानीचा वास आहे. ‘मांडलिक’ मात्र आपल्या मातीतला, जुना आणि नेमका शब्द आहे. शिलाहार आणि सुरुवातीचे यादव मांडलिक म्हणून ‘महामंडलेश्वर’ म्हणवत. चालुक्यांचे वर्चस्व झुगारल्यावर भिल्लम यादवाला आपण मांडलिक म्हणत नाही, तसेच इथेही करावे.