गोव्यात काइटसर्फिंग शिकलोय, जुलैत ऱ्होड्सच्या प्रासोनिसीला जावं का?

तुम्ही लिहिलंय की मोरजी-अश्वेला दोन सीझन काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीवर बोर्डवरून पाण्यावर सरकणं) शिकलात, दोन्ही बाजूंना बोर्ड चालवता येतो, पण वारा कापत निघालेल्या जागी परत येणं दहातून पाचदाच जमतं. आणि जुलैत आठ दिवस ग्रीसला आहात. त्या 'पाचदाच'वर माझं सगळं उत्तर अवलंबून आहे. पहिल्याच दिवशी प्रासोनिसीला उतरू नका. शेवटचे दोन दिवस तिथे ठेवा, तेही आधीचे दिवस बरे गेले तर.

जागा आधी डोळ्यांसमोर आणा. ऱ्होड्स बेटाचं अगदी दक्षिण टोक, मुख्य शहरापासून सुमारे ९० किलोमीटर. टोकाला वाळूचा एक पट्टा आणि त्यापुढे दीपगृह असलेलं छोटं बेट. हिवाळ्यात पट्ट्यावरून पाणी वाहतं, उन्हाळ्यात वाळू उघडी पडते. वारा वायव्येकडून आडवा येतो, त्यामुळे पट्ट्याच्या एका अंगाला लाटा उसळतात आणि दुसऱ्या अंगाला पाणी ताटासारखं सपाट. फोटोत दिसतं ते हे सपाट पाणी. नवखा माणूस साहजिकच तिकडे धावतो. मीही धावलो होतो.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, तेच इथे उपयोगी पडतं. गोव्यात दुपारी वाहतो तो खारा वारा, समुद्रावरून किनाऱ्याकडे. काइट पडली, बोर्ड हातातून सुटला, काहीही झालं तरी वारा तुम्हाला हळूहळू वाळूवरच आणून टाकतो. फार तर अर्धा किलोमीटर चालत परत यायचं आणि शॅकवाल्यांचं हसणं ऐकून घ्यायचं. प्रासोनिसीच्या सपाट बाजूला वारा वाळूवरून समुद्रात जातो, मतलई वाऱ्यासारखा. चूक झाली की तो तुम्हाला आत नेतो, आणि त्या दिशेला पुढची जमीन म्हणजे इजिप्त, पाचशे किलोमीटरहून जास्त लांब.

माझं असं झालं. सकाळी वारा बेताचा होता म्हणून १२ मीटरची (म्हणजे १२ चौरस मीटर कापडाची) काइट लावली. अकराच्या पुढे वारा चढला, बार (काइट सांभाळायची हातातली दांडी) पूर्ण ढकलूनही ओढ कमी होईना, शेवटी क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ तोडणारा खटका, ओढला. इथपर्यंत ठीक. मग शिकवल्याप्रमाणे लाइन्स (काइटच्या दोऱ्या) बारवर गुंडाळल्या, काइटपर्यंत पोहोचलो, तिचं टोक धरून तिचं शीड केलं. गोव्यात हीच युक्ती किनाऱ्याला लावते. इथे शीड धरल्यावर मी दुप्पट वेगाने आत जायला लागलो! हे लक्षात यायला मला लाज वाटेल इतका वेळ लागला. मग शीड सोडलं आणि फुगलेल्या काइटला तराफ्यासारखं धरून हात हलवत बसलो. बोट आली तेव्हा माणसं ठिपक्यांएवढी दिसत होती. बोटवाला काही बोलला नाही, फक्त पैसे घेतले.

या वाऱ्याला ग्रीक लोक मेल्टेमी म्हणतात, आणि गंमत अशी की तो आपल्या मान्सूनच्या भाऊबंदांपैकीच आहे. उन्हाळ्यात दक्षिण आशिया तापून जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो, त्याचं एक टोक इराण-इराकवरून तुर्कस्तानपर्यंत पोहोचतं. बाल्कनवर त्याच वेळी जास्त दाब असतो. या दोहोंच्या मधून एजियन समुद्रावर उत्तरेकडचा वारा सुटतो. म्हणजे कोकणात होड्या ओढून झापांनी शाकारून ठेवतात, त्याच जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे वारा सर्वांत जोरात असतो. फरक एवढाच की मेल्टेमी निरभ्र आकाशात येतो. आपली नजर काळे ढग शोधायला शिकलेली, तिथे ढगच नसतो. निळं आकाश बघून 'आज शांत आहे' असा अंदाज बांधू नका.

आकड्यांत सांगायचं तर गोव्यात तुम्ही १० ते १४ नॉट्समध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) शिकला असाल. प्रासोनिसीला जुलैत २० ते ३० नॉट्स ही नेहमीची गोष्ट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट नाही, चौपट होते. तुमच्या ७० किलो वजनाला २० नॉट्सला ९ मीटर, २५ च्या पुढे ७ मीटर. १२ मीटरची काइट हॉटेलवरच राहू द्या. शंका आली तर एक नंबर लहान घ्या. पतंगाला ढील देऊन वेळ निभावते तशी इथे निभावत नाही.

लाटांच्या बाजूला वारा किनाऱ्याकडे असतो, मग तिकडे जावं का? तुमच्यासाठी तेही नको. काइट उडवताना वारा जिकडे जातो तिकडे मोकळी जागा लागते, आणि तिथे त्या बाजूला वाळू, माणसं, दुसऱ्यांच्या लाइन्स.

मी तुमच्या जागी असतो तर पहिले चार-पाच दिवस पश्चिम किनाऱ्यावर फानेसला काढले असते. गोटे आहेत, पायांत बूट घाला, जागा दिसायला साधी. पण वारा किनाऱ्याला तिरका येतो, चुकलात तर किनाऱ्यावरच येऊन पडता. तिथे सलग दोन दिवस निघालेल्या जागी परत येता आलं, की प्रासोनिसीला जा. पाण्यात पाय ठेवण्याआधी स्कूलमध्ये विचारा की रेस्क्यू बोट किती वाजेपर्यंत असते, पैसे किती, आणि काइटसाठी कुठला भाग आहे. बोट बंद झाल्यावर संध्याकाळचा 'शेवटचा एक राउंड' मारू नका. विंडसर्फवाल्यांपासून लांब राहा. शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात, तो कागदही आधी वाचा.

आणि एक नंबर फोनमध्ये घालून ठेवा. ग्रीसच्या कोस्टगार्डचा आपत्कालीन क्रमांक १०८. आपल्याकडे ॲम्ब्युलन्सला लावतो तोच, त्यामुळे विसरणार नाही. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये घालून अंगावर ठेवा. माझा त्या दिवशी किनाऱ्यावर टॉवेलखाली होता.