वाचकांचे प्रश्न : जुन्या मस्टँगचे इंजिन बदलावे काय?

प्रश्न : आमच्या दिवंगत मामांची 1965 सालची फोर्ड मस्टँग बडोद्यातील घराच्या आवारात बरीच वर्षे झाकून ठेवलेली आहे. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते, तेव्हापासून मामेभावांनी ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचा ध्यास घेतला आहे. ही खरोखर ‘मसल कार’ आहे काय? गॅरेजवाले म्हणतात की मूळ इंजिन पेट्रोल फार पिते, तेव्हा डिझेल इंजिन बसवून घ्यावे. आपला सल्ला हवा आहे.
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : डिझेल इंजिन बसवू देऊ नका, एवढी विनंती सर्वांत आधी करतो. पूर्वी पेट्रोलचा खर्च न परवडल्याने आपल्याकडे कित्येक अमेरिकन गाड्यांची मूळ इंजिने काढून भंगारात घालण्यात आली आणि त्या गाड्यांचे झालेले नुकसान आज कितीही पैसा ओतला तरी भरून निघत नाही.

‘मसल कार’ म्हणजे मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त गाडीत मोठ्या गाडीचे व्ही-8 (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचे) इंजिन. 1964 ची पाँटियाक जीटीओ हे तिचे ठळक उदाहरण. पाँटियाकची मालक कंपनी जनरल मोटर्सने मध्यम गाड्यांच्या इंजिनांवर 330 घन इंचांची मर्यादा घातली होती. पाँटियाकचे अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 389 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे इंजिन पाँटियाकच्याच टेम्पेस्ट गाडीत जीटीओ या नावाची ‘ऐच्छिक जोड’ म्हणून देऊन त्या नियमातून वाट काढली. मस्टँगचा जन्म निराळा. 17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ती लोकांसमोर आली, ती साध्या फाल्कन गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली होती आणि तिला ‘पोनी कार’, म्हणजे लहान, ऐटबाज गाडी म्हणतात. त्यातील काही मस्टँग मात्र ताकदीने मसल कारच्या पंक्तीत बसतात. आपली कोणती, हे गाडीच सांगेल.

बॉनेट उघडून डाव्या बाजूच्या आतील पत्र्यावर ठोकलेला क्रमांक चिंधीने पुसून वाचा. पहिला 5 हा आकडा 1965 सालाचा. त्यापुढील अक्षर कारखान्याचे, ‘एफ’ असेल तर डिअरबॉर्न. पुढचे दोन आकडे बांधणीचे, 07 असल्यास हार्डटॉप (पक्क्या छताची), 08 असल्यास उघड्या छताची, 09 असल्यास फास्टबॅक (मागे उतरत्या छताची). पाचव्या जागी येणारे अक्षर इंजिनाचे आणि सर्वांत मोलाचे. ‘टी’ म्हणजे सहा सिलिंडरचे 120 अश्वशक्तीचे इंजिन, ‘सी’ म्हणजे 289 घन इंचांचे 200 अश्वशक्तीचे व्ही-8, ‘ए’ म्हणजे 225 आणि ‘के’ म्हणजे 271 अश्वशक्ती. आणखी एक खूण चाकांवर आहे: सहा सिलिंडरच्या गाडीला कारखान्यातून प्रत्येक चाकाला चार नट येत, व्ही-8 ला पाच. क्रमांक आणि नट यांचा मेळ बसत नसेल, तर मधल्या काळात कोणी तरी फेरबदल केला आहे असे समजावे. ‘टी’ निघाल्यास निराश होऊ नये. तीही जपण्याजोगीच गाडी आहे.

पेट्रोलबाबत दोन गोष्टी सांभाळाव्यात. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलसाठी घडवलेले आहे, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्या बीडाच्या कडेवर बसतात तिचे रक्षण ते शिसे करीत असे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाल्यामुळे, इंजिनाचे हेड (वरचा भाग) उतरवण्याची वेळ येईल तेव्हा त्या कडेच्या जागी कठीण पोलादाच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्यात. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल जुने रबर खराब करते आणि हवेतील ओलावा ओढून टाकी आतून गंजवते. म्हणून प्रथम टाकी साफ करून घ्यावी आणि इंधनाच्या नळ्या व कार्ब्युरेटरमधील पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत. त्यापूर्वी स्टार्टर मारू नये.

कायदाही आपल्या बाजूने आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. इंजिन बदलल्यास हा दर्जाच धोक्यात येतो. मामांचे जुने आर.सी. पुस्तक आधी शोधा.

प्रश्न : जीटीओची 325 अश्वशक्ती आजच्या गाड्यांच्या आकड्यांशी जुळवून पाहता येते काय?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : थेट नाही. तेव्हा हवेचा फिल्टर, सायलेन्सर आणि अल्टरनेटर यांचा भार न घालता इंजिन एकटेच मोजले जाई. 1972 च्या मॉडेलांपासून अमेरिकेत हे सर्व जोडून मोजलेले आकडे दिले जाऊ लागले, आणि ते बरेच कमी दिसतात.