खंडूला पार्वो झालाय, घरी आणू का?

(पार्वो म्हणजे कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा, उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांचा व्हायरल आजार. या महिन्यात त्याच्यावरच एवढी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत.)

प्रश्न : नमस्कार डॉक्टर ताई. आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. आमचं पिल्लू लॅब्रॅडॉर आहे, दोन महिन्यांचं, सासूबाईंनी नाव खंडू ठेवलं कारण आमचं कुलदैवत जेजुरीचं. दुकानातून आणला तेव्हा ४० दिवसांचा होता आणि दुकानवाला म्हणाला एक इंजेक्शन झालंय. सोमवारी संध्याकाळी जेवला नाही, रात्री पिवळ्या फेसाच्या उलट्या आणि सकाळी जुलाब, त्यात रक्त, वास तर असा की घरात थांबवेना. डॉक्टरांनी किटवर टेस्ट केली, पार्वो पॉझिटिव्ह. दोन दिवस झाले सकाळ-संध्याकाळ सलाईन चालू आहे पण तो मान पण वर करत नाही. घरात सगळे म्हणतायत उगाच सुया टोचून हाल करताय, घरी आणा, पपईच्या पानांचा रस द्या, शेजारच्यांचा त्यानेच बरा झाला. मिस्टर पण डगमगलेत, खर्च पण होतोय. घरी आणू का? आणि आमची कॉलनी तर इतकी साफ, कचरागाडी रोज येते, खंडू अजून गेटबाहेर गेलेला पण नाही, मग हे आलं कुठून?

उत्तर : पत्राखाली नंबर होता म्हणून मी लगेच फोन केला, कारण अंक छापून येईपर्यंत थांबेल असा हा आजार नाही. फोनवर जे बोलले तेच इथे नीट लिहितेय, कारण तुमच्या घरात जी चर्चा चाललीय ना, तीच चर्चा पार्वो झालेल्या प्रत्येक घरात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते आणि नेमकं तेव्हाच पिल्लाला दवाखान्यातून उचलून आणलं जातं.

आणू नका. सलाईन मध्येच सोडू नका.

का ते सांगते. व्हायरस पोटात गेल्यावर साधारण ३ ते ७ दिवसांनी लक्षणं दिसतात. शरीरात ज्या पेशी भराभर नव्या तयार होत असतात त्यांनाच तो धरतो, म्हणजे आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज. आतड्याच्या आत मखमलीसारखा थर असतो, तो सोलून निघतो. मग प्यायलेलं पाणी आत टिकत नाही, रक्त जातं, आणि आतड्यातले जंतू सरळ रक्तात शिरतात, आणि त्याच वेळी त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मगजात तयारच होत नसतात. पिल्लू जातं ते बहुतेक वेळा पाणी संपून, साखर खाली जाऊन, नाहीतर रक्तात जंतू पसरून. आणि या तिन्ही गोष्टींवर आपल्या हातात काहीतरी आहे : शिरेतून सलाईन, त्यात डॉक्टर ठरवतील तसं ग्लुकोज आणि पोटॅशियम, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक. (अँटिबायोटिक व्हायरससाठी नसतं, रक्तात शिरणाऱ्या जंतूंसाठी असतं, म्हणून "व्हायरल आहे मग अँटिबायोटिक कशाला" असं म्हणून ते बंद करायला लावू नका.) व्हायरसवर थेट काम करणारं अँटिबॉडीचं एक इंजेक्शन अमेरिकेत २०२३ मध्ये सशर्त मंजूर झालंय, पण आपल्याकडे रोजच्या प्रॅक्टिसमध्ये सगळी भिस्त सलाईनवरच आहे. थोडक्यात, आतड्याला नवं अस्तर यायला जे चार-सहा दिवस लागतात तेवढे दिवस पिल्लाला जिवंत ठेवायचंय, बरं तर ते स्वतःच होतं. उपचार न केलेल्या १० पिल्लांमधली ९ पर्यंत जातात, आणि वेळेवर नीट उपचार मिळालेल्या १० मधली ८-९ वाचतात. एवढा फरक औषधाने पडतो असे आजार फार थोडे आहेत हो, म्हणून मी इतक्या कळकळीने सांगतेय.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लू मान वर करत नाही म्हणजे औषध लागू पडत नाहीये असं समजू नका, तेव्हा आजारच टोकाला असतो. तुम्ही बघायचं ते हे : त्याचा वरचा ओठ अलगद उचला, हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी होते, ती दीड-दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. जास्त वेळ लागत असेल, हिरडी चिकट कोरडी लागत असेल, फिकट नाहीतर विटकरी दिसत असेल तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा, सलाईन पुरत नाहीये. ताप थर्मामीटरनेच बघा, कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आणि १०० च्या खाली जाणं हे ताप चढण्याइतकंच काळजीचं आहे, तेव्हा कोमट पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून जवळ ठेवा. आणि पायाला लावलेली ती इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घातलेली बारीक नळी), तिच्या खालचा पंजा रोज हात लावून बघा, सुजला किंवा गार पडला तर पट्टी घट्ट झालीय किंवा सलाईन शिरेबाहेर जातंय. हे घरच्या माणसाच्याच आधी लक्षात येतं.

फक्त सकाळ-संध्याकाळ सलाईन लावण्यापेक्षा ते दिवसभर चालू ठेवणारा दवाखाना मिळाला तर जास्त चांगलं, तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कोणी चांगला डॉक्टर रागवत नाही. इंदूरहून महूचं व्हेटर्नरी कॉलेज पण गाडीने तासाभरावर आहे. आणि खर्चाचं पहिल्याच दिवशी बोलून घ्या, काय अत्यावश्यक आणि काय नाही ते डॉक्टर सांगू शकतात. खर्च आवाक्याबाहेर गेला म्हणून गुपचूप पिल्लू घेऊन जाणाऱ्या लोकांना मी ओळखते, वाईट माणसं नसतात ती, फक्त कोणी त्यांना सांगितलेलं नसतं की रात्री इंट्राकॅथ तशीच ठेवून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून कमी खर्चाचा उपचार पण करता येतो.

पपईच्या पानांचा रस. शेजारच्यांचं पिल्लू बरं झालं याचा मला आनंदच आहे, पण पार्वोत तो रस काम करतो असा पुरावा नाही, आणि ज्याला थेंबभर पाणी पोटात ठरत नाही त्याच्या तोंडात सिरिंजने कडू रस ढकलला की उलटी होते आणि ती श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनिया. हळद-दूध, ताक, मध, सगळ्याला हेच लागू. माणसांच्या जुलाब बंद करायच्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्याने घाण आतच साठून राहते. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम पण नाही.

खायला मात्र लवकर द्यायचंय. पूर्वी आम्ही पण सांगायचो पोटाला आराम द्या, उलट्या थांबून १२ तास होईपर्यंत काहीच देऊ नका. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी ३० पिल्लांवर बघितलं तर ज्यांना पहिल्याच दिवसापासून नाकातल्या नळीने थोडं थोडं अन्न दिलं ती लवकर सुधारली आणि त्यांचं वजन पण वाढलं. तेव्हा उलट्या आटोक्यात आल्या की डॉक्टरांना विचारून उकडलेल्या चिकनचं पातळ पाणी, मग मऊ भात आणि चिकन कुस्करून, चमचा-दोन चमचे, दोन-दोन तासांनी. आणि बरा झाल्यावर सुद्धा आपल्या इंदुरी सकाळच्या पोह्यांतला घास नको हं, त्यात कांदा असतो आणि कांदा-लसूण कुत्र्यांच्या रक्ताला घातक आहे, शेव-जिलेबीचं तर बोलायलाच नको.

आता आलं कुठून. दोन शक्यता. एक म्हणजे दुकानातूनच घेऊन आला, दुसरी म्हणजे तुमच्या चपलांवरून आला. आजारी कुत्र्याची शी उचलली, रस्ता झाडला, गाडी कचरा घेऊन गेली, तरी डोळ्याला न दिसणारा अंश मातीत राहतो आणि हा व्हायरस इतका चिवट आहे की सावलीतल्या ओलसर मातीत वर्षभर आणि त्याहूनही जास्त टिकतो. आपलं शहर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलं त्याचा मलाही अभिमान आहे, पण तेवढ्याने हा व्हायरस जात नाही.

आणि ते "एक इंजेक्शन". आईच्या चिकातून पिल्लाला अँटिबॉडी मिळतात, त्या त्याचं रक्षण करतात पण लसीला पण निकामी करतात. त्या कधी संपतील ते पिल्लागणिक वेगळं, कोणाच्या ६ व्या आठवड्यात तर कोणाच्या १६ व्या. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी लस द्यायची आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच, त्याआधी थांबलात तर मधल्या काळात पिल्लू उघडं पडतं. ४० व्या दिवसाआधी दिलेल्या एका डोसवर कोणीच भरवसा ठेवू नये. शिवाय ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं २०१७ च्या डॉग ब्रीडिंग नियमांनुसार मनाईच आहे, हे वाचकांनी दुकानात तोंडावर विचारावं, मला या गोष्टीचा फार संताप येतो.

प्रश्न : ताई, रामबागेतून लिहितोय. आमचं पिल्लू पार्वोने गेलं, नातू रोज रडतो, दुसरं आणा म्हणतो. घर फिनाईलने तीनदा पुसलंय. आता आणलं तर चालेल ना?

उत्तर : काका, वाईट वाटलं वाचून. पण एवढ्यात नको. फिनाईल, डेटॉल याने पार्वो मरेलच याचा भरवसा नाही. आधी साबणाने फरशी खरवडून धुवा, कारण घाण राहिली तर पुढचं औषध वायाच जातं, मग घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ३० भाग असं ओतून १० मिनिटं ओलं राहू द्या आणि मग धुऊन काढा. खिडक्या उघड्या ठेवा, नातवाला दूर ठेवा, आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. जुनी गादी, पट्टा, कापडी खेळणी टाकूनच द्या. अंगणातल्या मातीला ब्लीच लागू पडत नाही, तो कोपरा सध्या बंदच समजा.

आणि पुढचं आणाल ते चार महिन्यांच्या वरचं, सगळे डोस झालेलं आणि शेवटच्या डोसला दोन आठवडे उलटलेलं आणा, कार्डावर लसीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही बघून. नातवाला एवढं छोटं गोंडस पिल्लू मिळणार नाही, मान्य, पण त्याला परत हे बघायला लागू नये. मोठं, सगळी लस झालेलं कुत्रं तर जास्तच चांगलं.

प्रश्न : घरात दीड वर्षाची मुलगी आणि एक मांजर आहे, पिल्लाला पार्वो झालाय. दोघींना धोका आहे का? (राजेंद्रनगर)

उत्तर : मुलीला नाही. माणसांचा पार्वो बी-१९ वेगळाच, कुत्र्याकडून येत नाही. पण पिल्लाच्या शीमध्ये जंत आणि बाकीचे जंतू असतातच, तेव्हा तिला त्या खोलीत रांगू देऊ नका. मांजरीला मात्र होऊ शकतो, आजकालचे प्रकार मांजरांनाही लागतात, तिची लस झाली नसेल तर डॉक्टरांना विचारून लवकर करून घ्या आणि तोवर मांजरीची आणि पिल्लाची भांडी, खोल्या वेगळ्या ठेवा.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, सुदामानगरात गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालते. एका कुत्रीची पाच पिल्लं होती, दोन रक्ताचे जुलाब होऊन गेली. राहिलेल्या तिघांचं काय करू? माझ्या घरी पण एक पिल्लू आहे.

उत्तर : राहिलेली तिघं आत्ता खेळत असतील तरी त्यांना लागण झालेली असू शकते, लक्षणं दिसायच्या आधीच शीमधून व्हायरस पडायला लागतो. त्यांना तिथून उचलून दुसऱ्या गल्लीत किंवा शेल्टरमध्ये नेऊ नका, तिथल्या पिल्लांना लागेल. जागच्या जागी दोन आठवडे रोज बघा, कोणी खाणं सोडलं की जुलाबाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात. तिथे गेटवरच सांगा पार्वोचा संशय आहे म्हणून, आणि पिल्लू खोक्यातच ठेवा, बाकड्यावर नको. सहा आठवड्यांवरची आणि खातीपिती असतील तर त्यांना आत्ताच लस द्यावी का ते डॉक्टर बघून ठरवतील. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून वर्गणी काढली तर तिघांचे डोस जमतात, विचारून बघ, लोक देतात.

तुझ्या घरच्या पिल्लाचे डोस पूर्ण होईपर्यंत खायला घालायचं काम दुसऱ्या कोणाला तरी दे. देता आलं नाही तर त्या कामाची एक वेगळी चप्पल गेटबाहेरच ठेव, आल्यावर कपडे बदल, हातपाय साबणाने धू आणि मगच त्याला उचल.