तापातलं कोलेस्टेरॉल आणि रक्ताच्या गुठळ्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फ्लूच्या तापात केलेल्या तपासणीत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 132 वरून 98 वर आलं, ट्रायग्लिसराइड मात्र 140 चं 230 झालं. गोळ्या, खाणं काहीच बदललेलं नाही. खूश व्हायचं की घाबरायचं?

दोन्ही नको. हे आकडे तुमच्या नेहमीच्या चरबीचे नाहीत, तापाचे आहेत. विषाणूशी झुंज सुरू झाली की प्रतिकारपेशी जे संदेश सोडतात, त्यामुळे यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले व्हीएलडीएल कण जास्त बनवतं. त्याच वेळी रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर बसून ट्रायग्लिसराइड फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर मंदावतं. आवक वाढली, उचल घटली, म्हणून साठा फुगतो. एलडीएल आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) मात्र उतरतात. एचडीएलची तर घडणच बदलते : त्याचं मुख्य प्रथिन बाजूला सारून सीरम अमायलॉइड ए हे दाहात वाढणारं प्रथिन तिथे येऊन बसतं. आजार जितका तीव्र, तितकी ही घसरण साधारणपणे खोल. तेव्हा तापात एकाएकी ‘सुधारलेलं’ एलडीएल ही काही कमाई नव्हे.

साधा ताप असेल तर बरं झाल्यावर दोन-तीन आठवडे थांबा. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं असेल तर दीड-दोन महिन्यांनी तपासा. आणखी एक गोष्ट रिपोर्टवर बघा. बऱ्याच प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करतात. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हे गणित कोलमडतं. अशा वेळी ‘डायरेक्ट एलडीएल’ मागून घ्या.

प्रश्न : चरबी वाढली की रक्त घट्ट होतं आणि म्हणून तापात गुठळ्या होतात, असं ऐकलं. खरं आहे का?

घट्टपणाचा मुद्दा सोडून द्या. गुठळीत चरबीचा हात आहे, पण ती चरबी लिपिड प्रोफाइलमध्ये दिसणारी नव्हे. ती पेशीच्या आवरणातली.

प्रत्येक पेशीचं आवरण चरबीच्या दोन थरांचं असतं. त्यातलं फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं मेद पेशी आतल्या थरात राखून ठेवते. बाहेर आलं की उचलून पुन्हा आत ठेवणारी प्रथिनं सतत राबत असतात. प्लेटलेट चेतवली गेली किंवा पेशी जखमी झाली की ही शिस्त मोडते आणि ते मेद बाहेरच्या अंगाला येतं. त्यावर ऋणभार असतो. गोठण्याचे घटक 2, 7, 9 आणि 10 कॅल्शियमच्या मदतीने नेमके त्यालाच चिकटतात. (‘के’ जीवनसत्त्व लागतं ते याच चिकटण्यासाठी.) रक्तात विखुरलेले घटक असे एका पृष्ठभागावर शेजारी-शेजारी आले की थ्रॉम्बिन हे गुठळी बनवणारं विकर तयार होण्याचा वेग लाखाच्या पटीत वाढतो.

विषाणू हे काम आणखी सोपं करून देतो. मोनोसाइट या पांढऱ्या पेशी गोठणं सुरू करणारा टिश्यू फॅक्टर बाहेर काढतात, रक्तवाहिनीचं दुखावलेलं अस्तर प्लेटलेटना चिकटवणारा फॉन विलेब्रांड फॅक्टर सोडतं, यकृत गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते फायब्रिनोजेन वाढवतं. काही विषाणू तर पेशीतून बाहेर पडताना तिच्याच आवरणाचा तुकडा पांघरून निघतात. हर्पीस सिम्प्लेक्सच्या कणांवर तर गोठण्याला चालना देणारं सगळं साहित्यच सापडतं.

रक्तातल्या चरबीचा वाटा यानंतर येतो, आणि तो आडून येतो. ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्यांत पीएआय-1 हे गुठळी विरघळणं रोखणारं प्रथिन बहुधा वाढलेलं असतं, त्यामुळे झालेली गुठळी विरघळायला उशीर लागतो. ऑक्सिडीकरण झालेलं एलडीएल प्लेटलेटना चेतवतं. पण खरी भीती आहे ती वर्षानुवर्षं धमनीत साचलेल्या थराची. तापातल्या दाहाने तो फुटला की त्यावर गुठळी बसते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सहापट आढळलं होतं. आठवडाभराच्या तापात कोलेस्टेरॉल नवं साचत नाही. आधीचं साचलेलं अंगावर येतं.

प्रश्न : ताप असेपर्यंत स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारी) गोळी बंद ठेवावी का?

आपल्या मनाने नाही. हृदयाचा झटका येऊन गेला असेल किंवा स्टेंट असेल तर मुळीच नाही.

अपवाद औषधांच्या जुगलबंदीचा. कोविडसाठी निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिरचा पाच दिवसांचा कोर्स सुरू होणार असेल, तर रिटोनाव्हिर यकृतातलं जे विकर अडवतं त्यावरच काही स्टॅटिन अवलंबून असतात. सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन या काळात चालतच नाहीत. अटोर्व्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिनचं डॉक्टर ठरवतील. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचीही तीच अडचण. स्टॅटिनची रक्तातली मात्रा चढली की स्नायू झिजू शकतात. मांड्या-खांदे विलक्षण दुखू लागले आणि लघवी कडक चहाच्या रंगाची झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. क्लोपिडोग्रेल किंवा रिव्हरोक्साबॅन ही गुठळी रोखणारी औषधं चालू असतील तर रिटोनाव्हिर लिहून देणाऱ्याला आधीच सांगा, कारण पहिल्याचा परिणाम घटतो आणि दुसऱ्याचा वाढतो.

गुठळी टाळायची म्हणून तापात नव्याने स्टॅटिन सुरू करायला मात्र आधार नाही. निरोगी लोकांनी रोज 20 मिलिग्रॅम रोझुव्हास्टॅटिन दीर्घकाळ घेतल्यावर शिरांतल्या गुठळ्या कमी झाल्या, हे ‘ज्युपिटर’ नावाच्या औषध-चाचणीत दिसलं होतं. कोविडच्या अतिदक्षता रुग्णांना ऐनवेळी दिलेल्या अटोर्व्हास्टॅटिनने तसा ठोस फायदा झाला नाही.

प्रश्न : वडील अतिदक्षता विभागात आहेत. प्रयोगशाळेने ‘नमुना दुधाळ, पीटी-एपीटीटी पुन्हा पाठवा’ असं कळवलं. रक्तात दोष आहे का?

बहुधा दोष मोजणीचा आहे. पीटी-एपीटीटी म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या तपासण्या. बरीच यंत्रं नमुन्यातून प्रकाश सोडतात आणि तो गढूळ झाला की गुठळी झाली असं मानतात. चरबीने प्लाझ्मा आधीच पांढरा असेल तर यंत्राला तो क्षण पकडता येत नाही. गुठळी यांत्रिक पद्धतीने ओळखणाऱ्या यंत्रावर हाच नमुना चालतो; तशी सोय आहे का ते विचारा. झोपेसाठी प्रोपोफॉल चालू आहे का, हेही विचारा. ते 10 टक्के तेलाच्या दुधाळ द्रावणातच येतं आणि ट्रायग्लिसराइड वाढवतं. नमुना ते चालू नसलेल्या हातातून घ्यावा आणि निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरावी : 0.3 मिलि सायट्रेटला 2.7 मिलि रक्त. नळी अपुरी भरली की वेळ खोटीच लांबते.

आकड्यांची एक जुळणी मात्र प्रयोगशाळेच्या माथी मारू नये. ट्रायग्लिसराइड 265 किंवा जास्त, फायब्रिनोजेन 150 किंवा कमी, फेरिटिन (लोह साठवणारं, दाहात वाढणारं प्रथिन) भडकलेलं, प्लेटलेट घसरत्या आणि ताप हटत नाही, असं चित्र असेल तर एचएलएच या, प्रतिकारपेशी बेफाम झाल्याने होणाऱ्या जीवघेण्या दाहाची शंका डॉक्टर घेतात.

प्रश्न : डी-डायमर 900 आलं. ॲस्पिरिन घेऊ का?

नको. डी-डायमर म्हणजे विरघळलेल्या फायब्रिनचे (गुठळीच्या धाग्यांचे) तुकडे. ते कुठल्याही संसर्गात, वयानुसार, गरोदरपणातही वाढतं. आधी रिपोर्टवरचं एकक बघा : एफईयू (FEU) की डीडीयू (DDU)? पहिल्यातला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो, त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून घाबरण्यात अर्थ नाही. ताप डेंग्यूचा असू शकत असेल तर ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन दोन्ही वर्ज्य. एकच पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, यांपैकी काही असेल तर डी-डायमर कितीही असो, लगेच रुग्णालयात जा.

प्रश्न : तापानंतर ‘ल्युपस अँटिकोआगुलंट पॉझिटिव्ह’ आलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आता जन्मभर?

एका रिपोर्टवर नाही. नाव फसवं आहे : ‘अँटिकोआगुलंट’ म्हणजे गोठणं रोखणारं. ही प्रतिपिंडं नळीत एपीटीटी लांबवतात आणि शरीरात मात्र गुठळीकडे ओढतात. विषाणूनंतर ती काही काळ दिसतात आणि बहुतेकदा जातात. म्हणून किमान 12 आठवड्यांनी फेरतपासणी करायची. तेव्हा हेपरिन किंवा रिव्हरोक्साबॅनसारखं औषध चालू असेल तर नमुना देतानाच सांगा. नाहीतर पॉझिटिव्ह निकाल प्रतिपिंडं नसताना, नुसत्या त्या औषधामुळेही येऊ शकतो.