ठाणे-नवी मुंबईत लहानपणी कुणाच्या घरची शेती होती का? आठवणी सांगा. आणि आताच्या मुलांना शेतीची गोडी कशी लावावी?

होती. घणसोलीच्या बाजूला, खाडीला लागून, खारात. आणि आधीच सांगतो, "तुम्ही लोकांनी जमिनी विकल्यात" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. विकल्या नाहीत, संपादित झाल्या. 1970 ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ आलं, 95 गावांच्या जमिनी गेल्या. कागदावर आमचीही गेली, पण प्रत्यक्ष भराव पडेपर्यंत आजा ती कसत राहिला. माझं बालपण त्या मधल्या वर्षांतलं.

खारात सगळा खेळ बांधाचा. पलीकडे खाडी, अलीकडे भात. शेतातलं जादा पाणी ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या दारातून सोडायचं आणि भरतीच्या आत फळ्या बसवायच्या. घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा, आमच्या खाडीत आणखी जरा उशिरा. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मी शाळेत नाही, बांधावर शिकलो.

1981 ची कोजागिरी. मी दहा वर्षांचा, फळ्यांचं काम माझ्याकडे. कापणीच्या तोंडावर शेत सुकावं म्हणून पाणी सोडलं होतं. सांजच्याला ओहोटी संपता संपता फळ्या बसवल्या, फटींत पेंढा आणि चिखल कोंबला, घरी आलो. बाराच्या सुमाराला अंगणात दुधाचे पेले हातात असताना बांधाकडून ओरडा आला, खांड पडली! म्हणजे बांध फुटला. सगळं गाव जागं, फक्त बांधावर राखणीला कुणी नाही. काकाने माझ्याकडे बघून पहिलं वाक्य टाकलं, "फली यानीच उघरी ठेवली!"

सकाळी ओहोटीला जाऊन बघतो तर फळ्या जागच्या जागी, माझा पेंढासुद्धा तसाच. खांड होती वीस-पंचवीस पावलांवर, जिथे काकाची दोन पोरं आठवडाभर सळीने चिंबोऱ्या (खेकडे) काढत होती. चिंबोरीचं बीळ हात जाईल एवढं उकरून ठेवलं की उधाणाचं पाणी तिथून आधी झिरपतं, मग माती ओढतं, मग बांधच घेऊन आत येतं. आज्याला हे दिसत होतं. पण तो बोलला नाही, कारण त्या चिंबोऱ्यांचं कालवण त्यानेही ओरपलं होतं.

भात राता होता, लाल, खारं सोसणारा, म्हणून निम्मं तरी हाती लागलं. बाकीचं आडवं झालं. दोन दिवसांनी त्या लोंब्यांवर पांढरी रेघ धरली होती. मी जीभ लावून बघितली. मीठ.

मुलांना गोडी लावायचं म्हणाल तर ते हुरडा, टायरचा झोका, बैलगाडीची फेरी यांत पैसे घालवू नका. हुरडा तर मुळात आपल्याकडचा नाहीच. शहापूर-मुरबाडला ओळखीचं कुणी भात लावत असेल तर जुलैत न्या. दिवसभर आवण, म्हणजे भाताची रोपं, उपटू द्या, कंबर दुखू द्या. एक काम पूर्ण त्यांच्यावर सोपवा. आणि काही बिघडलं तर पोराकडे बोट दाखवायच्या आधी जाऊन फळी बघा! काका ऐंशीच्या पुढे गेला, पण अजून प्रत्येक हळदीला पाहुण्यांना सांगतो, याच्यापायी पीक गेलं. त्याची ती दोन पोरं शेजारी बसून गालातल्या गालात हसतात. एकाची तर गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग उभी आहे, त्याला काय फरक पडतो.

हां, एक राहिलं. पोराच्या पायाला जखम असेल तर पावसाळ्यात चिखलात उतरवू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) होतो.

आणि सळीने दोन चिंबोऱ्या मीही काढल्या होत्या. पण त्या बांधाच्या दुसऱ्या टोकाच्या.