कमी वजनाचं, आखूड धनुष्य बनवायचंय: नेमकं कुठलं वजन काढायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही शिरपूरला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात. प्रोजेक्टसाठी आश्रमशाळेतल्या मुलांना शिकता येईल असं धनुष्य बनवायचंय. सध्याचं ६६ इंची धनुष्य त्यांना जड पडतं आणि एसटीत नेताना अडचणीचं होतं. कार्बन फायबर वापरून ते निम्म्या वजनाचं आणि निम्म्या लांबीचं करता येईल का?

मी धुळ्यात डिप्लोमाच्या मुलांना यंत्रांची रचना शिकवायचो. आता नंदुरबारकडच्या मुलांची धनुष्यं हौसेने दुरुस्त करतो. म्हणून उत्तर जरा लांबेल, आणि त्यात थोडं गणितही येईल.

निम्मी लांबी विसरा. हलकं आणि आखूड या दोन मागण्या एकत्र बोलायला सोप्या आहेत, पण कागदावर त्या एकमेकींना मदत करत नाहीत. का ते बघा. धनुष्याचं एक पातं (मैदानावर ज्याला लिम्ब म्हणतात ते) म्हणजे मुठीत धरलेली कॅन्टिलिव्हर, एका टोकाला पक्की आणि दुसऱ्या टोकाला मोकळी पट्टी. टोक तेवढंच वाकवायचं असेल, तर पृष्ठभागावरचा स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत द्रव्य किती ताणलं किंवा दबलं ते) जाडीच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. आता पातं २० टक्क्यांनी आखूड करा. ०.८ चा वर्ग ०.६४, म्हणजे स्ट्रेन १.५६ पट. बांबू असो की फायबर, दीडपटीवर स्ट्रेन गेला की ते तुटणार. तो पूर्ववत आणायचा तर जाडीही ०.६४ पट करावी लागेल. पण कडकपणा जाडीच्या घनावर चालतो. लांबी कमी झाल्याने तो वाढला तरी एकूण हिशेबात जवळपास निम्म्यावर येतो. तेवढीच ओढ (दोरी ओढायला लागणारा जोर) परत मिळवायला रुंदी करा १.९५ पट. आता वजनाचा हिशेब करा: ०.८ × ०.६४ × १.९५. उत्तर १ येतं. लांबी गेली, वजन होतं तिथेच राहिलं, वर पातं झालं फळीसारखं रुंद.

कारण सरळ आहे. ३० पौंड ओढीचं धनुष्य साधारण अर्धा मीटर ओढलं, तर ढोबळमानाने ३३ ज्यूल ऊर्जा साठते (१३३ न्यूटन गुणिले ०.५ मीटर, भागिले दोन). तेवढी ऊर्जा साठवायला तेवढं द्रव्य वाकावं लागतं, मग ते लांबीत घाला नाहीतर रुंदीत.

म्हणून पुढचा सगळा विचार एकाच प्रश्नाभोवती करा: धनुष्यातलं कुठलं द्रव्य काम न करता नुसतं बसून आहे?

सगळ्यात मोठा आळशी भाग पात्यातच सापडतो. एकसारख्या रुंदी-जाडीची पट्टी टोकाशी दाबली, तर ती मुठीजवळ जोरात वाकते आणि टोकाकडे जवळजवळ वाकतच नाही. म्हणजे टोकाकडचं द्रव्य ऊर्जा साठवत नाही, नुसतं वजन वाढवतं. त्याऐवजी जाडी तीच ठेवून पट्टी वरून त्रिकोणी कापली, मुठीशी रुंद आणि टोकाशी निमुळती, तर सगळीकडे स्ट्रेन सारखा येतो. पाठ्यपुस्तकातली सूत्रं काढून बघा: आयताकृती पट्टीत साठणारी ऊर्जा σ²V/१८E, त्रिकोणी पट्टीत σ²V/६E (σ म्हणजे द्रव्यातला कमाल ताण, V आकारमान, E द्रव्याचा कडकपणा). तेवढ्याच द्रव्यात तिप्पट. याचा नमुना बघायला लांब जायला नको. आग्रा रोडवरच्या कुठल्याही गॅरेजमध्ये ट्रकचे कमानपाटे बघा: एकावर एक, खालचा आखूड, वरचा लांब. त्रिकोणी पट्टी उभ्या पट्ट्यांत कापून एकावर एक रचली की तोच पाटा तयार होतो. तुमचं पातं म्हणजे तोच त्रिकोण, फक्त न कापलेला.

त्रिकोण टोकाशी शून्यावर मात्र नेऊ नका. दोरी बसायला जागा लागते आणि फार निमुळतं टोक पिळतं. १२-१३ मिलिमीटर रुंदी राहू द्या, सुरुवात तिथून करा.

टोक हलकं करण्याचा दुसरा फायदा मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. बाण सुटताना मूठ जागच्या जागी असते, पात्याचं टोक सगळ्यात वेगाने धावतं, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. म्हणजे टोकावरचे पाच ग्रॅम बाणाची ऊर्जा पळवतात, मुठीतल्या पाच ग्रॅमला बाण विचारतही नाही. दोरीचंही तसंच: तिच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग बाणालाच चिकटलाय असं धरून गणित करतात. प्रोजेक्टमध्ये परीक्षकांना दाखवायला हा प्रयोग छान आहे. दोन्ही टोकांना टेपने पाच-पाच ग्रॅमचं वजन चिकटवा आणि बाणाचा वेग मोजा. मग तीच वजनं मुठीला चिकटवून मोजा.

वेग मोजायला यंत्र विकत घेऊ नका. मोबाईल नेमबाजाजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड करा: दोरीचा टणत्कार आणि बाण लक्ष्यात घुसल्याचा आवाज. १८ मीटर अंतरावर ४५ मीटर प्रति सेकंद वेगाचा बाण ०.४ सेकंदात पोचतो. लक्ष्याचा आवाज परत यायला ०.०५ सेकंद लागतो, तेवढे वजा करा.

आता लांबी. इथे सगळे पात्यांकडे बघतात आणि मूठ विसरतात. मूठ (रायझर) वाकत नाही, म्हणजे तिची लांबी ऊर्जेच्या दृष्टीने फुकट जाते. ६६ इंची धनुष्यात रायझर बहुधा २५ इंची असतो, म्हणजे प्रत्येक बाजूला पातं साधारण साडेवीस इंचांचं. पाती तशीच ठेवून रायझर १७ इंची केला, की धनुष्य ५८ इंचांवर येतं. आठ इंच गेले आणि वाकणाऱ्या भागाला धक्काही लागला नाही. शिवाय रायझर हाच सगळ्यात वजनदार भाग असल्याने वजनही खरं कमी होतं ते इथेच. जोड बोल्टचा ठेवा, तीन तुकडे होतात, शाळेच्या दप्तरात नाही पण साध्या पिशवीत मावतात. एसटीचा तुमचा प्रश्न त्यातच सुटतो. त्यासाठी धनुष्य आखूड करायची गरज नव्हतीच.

५८ च्या खाली मात्र जाऊ नका, आणि त्याचं कारण बोटं. धनुष्य जितकं आखूड, तितका पूर्ण ओढीवर दोरीचा कोन तीक्ष्ण होतो आणि बोटं चिमटीत सापडतात. त्याच वेळी दोरी आणि पात्याचं टोक यांच्यातला कोन काटकोनाकडे जातो, आणि शेवटच्या दोन इंचांत ओढ एकदम चढते. तुर्की धनुष्यं आखूड असायची, पण ती ओढायचे अंगठ्याने, अंगठी घालून, आणि त्यांची टोकं पुढे वळलेली कडक असत. पोटाकडून (ओढणाऱ्याकडची बाजू) शिंग, पाठीकडून (लक्ष्याकडची बाजू) प्राण्यांचे स्नायुतंतू, मध्ये लाकूड, सगळं सरसाने चिकटवलेलं. आपल्याकडे मोगलकाळात तशी धनुष्यं होती आणि पोलादाचीही होती. पोलाद जड आणि मंद, पण पावसाळ्यात चिकटवलेला सरस ओला होऊन थर सुटण्याची भीती नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र एक सोय आहे. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर घ्या आणि अडीचने भागा. ओढीची लांबी साधारण तेवढी असते. १५० सेंटिमीटर येत असेल तर ६० सेंटिमीटर, म्हणजे साडेतेवीस इंच. मोठ्या माणसाची २८ इंची ओढ ५८ इंची धनुष्याला जड जाईल, या मुलाला जाणार नाही. म्हणून आधी मुलांची मापं घ्या, मग ड्रॉइंग काढा.

एक शंका विचारतो. मुलं ‘जड’ म्हणतात तेव्हा धनुष्य जड असतं की ओढ? माझ्या पाहण्यात निम्म्याहून अधिक वेळा ओढच जास्त असते. शाळेला देणगीत मिळालेलं ३२ पौंडांचं धनुष्य बारा वर्षांच्या मुलीच्या हातात दिलं, की तिचा डावा हात थरथरणारच, मग ते कार्बनचं का असेना. १६ ते २० पौंडांची पाती लावून बघा, कदाचित प्रोजेक्टच बदलेल. उलट ऑलिम्पिकमध्ये ७० मीटरवर मारणारे खेळाडू धनुष्याला पुढे लांब दांडी आणि वजनं मुद्दाम लावतात, कारण मुठीचं जडत्व हात स्थिर ठेवतं. तेव्हा रायझर अगदी कागदासारखा हलका करण्यात शहाणपणा नाही.

कार्बनबद्दल. कार्बन हलकं आणि फार कडक आहे, पण कमी स्ट्रेनला तुटतं. काचेचं फायबर जड आहे, पण बरंच जास्त वाकतं. ऊर्जा स्ट्रेनच्या वर्गावर चालते, म्हणून स्प्रिंग म्हणून दोघांत तुम्हाला वाटतो तेवढा फरक नाही. कार्बनचा खरा उपयोग तिरप्या विणीत घालून पात्याचा पीळ रोखायला होतो. तुमच्या बजेटमध्ये आणि मुलांच्या हातात द्यायच्या वस्तूत मी पाठीला आणि पोटाला काचेचं फायबर, मध्ये बांबू असंच करेन. गाभ्याला फारसा स्ट्रेन येत नाही, त्यामुळे तिथे हलका बांबू चालतो. महागडं द्रव्य पृष्ठभागावर हवं.

बांबूची तर तुमच्याकडे चैन आहे. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवरचा मानवेल जवळजवळ भरीव असतो. बांबूचे तंतू बाहेरच्या सालीकडे दाट असतात, आतल्या बाजूला विरळ. नुसत्या बांबूचं करणार असाल तर साल लक्ष्याच्या बाजूला, म्हणजे ताणाच्या बाजूला ठेवा, आणि तिच्यावर रंधा मारू नका. डिझाइन काढण्याआधी एकदा धडगाव-अक्कलकुव्याकडे जाऊन भिल्ल किंवा पावरा कारागिराच्या हातची कामठी, म्हणजे बांबूचं धनुष्य, बघा. मुठीशी जाड, टोकांकडे उतरत गेलेली, आणि दोरीसुद्धा बांबूच्या सालीची पट्टी: हलकी, न ताणणारी. मी वर जे सूत्रांनी सांगितलं ते त्यात कोयत्याने केलेलं दिसेल. लांब असते, कारण एकट्या बांबूला तेवढी लांबी लागते.

आता खान्देशचं खास संकट, ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या गाडीत तो सहज साठीपार. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारी साधी इपॉक्सी (फायबर आणि बांबूचे थर चिकटवायचा रासायनिक गोंद) साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. दोरी चढवलेलं धनुष्य अशा गाडीत राहिलं, तर थर सरकतात किंवा पातं पिळतं, आणि मग ते सरळ होत नाही. उपाय दोन. प्लायवुडची पेटी करून त्यात बल्ब लावा, आणि कंपनीच्या पत्रकात दिलेल्या तापमानाला पाती काही तास शेकून घ्या. त्याने इपॉक्सीची उष्णता सोसायची मर्यादा वाढते. आणि मुलांना सवय लावा, सराव संपला की दोरी उतरवायची.

चाचणी करताना पहिल्यांदा कुणाच्याही हातात देऊ नका. धनुष्य भिंतीवर अडकवा, कप्पीवरून दोर घेऊन लांब उभे राहून ओढा, मध्ये हुकाचा डिजिटल काटा लावा. प्रत्येक इंचाला वजन लिहून आलेख काढा. त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे साठलेली ऊर्जा. बाणाची गतिज ऊर्जा तिने भागली की कार्यक्षमता. ६५-७० टक्के आली तरी शाबास. बाण न लावता दोरी सोडायची नाही, कुतूहल म्हणूनही नाही: सगळी ऊर्जा पात्यात परत जाते आणि थर फुटतात. फार हलका बाणही जवळपास तेच करतो.

राहिला कंपाउंडचा, म्हणजे टोकांना चाकं आणि केबल लावलेल्या धनुष्याचा प्रश्न, कारण २०२३ ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाल्यापासून मुलं तेच मागतात, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे. कंपाउंडचे जनक होलेस ॲलन यांनी १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. चाकांमुळे ओढ आधी चढते आणि शेवटी ७०-८० टक्के सुटते, त्यामुळे आखूड पात्यांत भरपूर ऊर्जा मावते. आखूड आहे, पण हलकं नाही. नुसतं धनुष्यच दोन किलोच्या आसपास जातं. शिवाय चाकं आणि केबल कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये करायच्या, आणि केबल मुलाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. या प्रोजेक्टला नको.

मी असतो तर हे केलं असतं: ५८ इंच, तीन तुकडे, १७ इंची सागाचा रायझर, त्रिकोणी पाती, २३ इंच ओढीवर १८ पौंड. पुढे स्पर्धेत उतरवायचं असेल तर त्या प्रकाराचं नियमपुस्तक आधी वाचा. जाडीचा पहिला अंदाज काढलात की आकडे इथे टाका, स्ट्रेन तपासून देतो.