"सनद जाईल का, मॅडम?"

वकिली करणारं कुणी समुपदेशनाला आलं की पहिल्या अर्ध्या तासात एक प्रश्न हमखास येतो. "डिप्रेशनची औषधं सुरू केली आणि कुणाला कळलं, तर सनदेचं काय होईल? पक्षकार राहतील का?" सनद म्हणजे वकिली करण्याचा परवाना. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात प्रॅक्टिस करणाऱ्या एका वकीलबाईंनी हा प्रश्न फार टोकदारपणे विचारला होता. त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशीच्या आतल्या बाई. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा हेच त्यांचं काम. स्वतःचं छोटं ऑफिस आणि हाताखाली एक ज्युनियर. त्यांनी संध्याकाळची शेवटची वेळ मागून घेतली होती. गाडी दोन गल्ल्या सोडून लावून आल्या होत्या, कारण काचेवर वकिलांचा स्टिकर होता. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मला फक्त झोपेचा त्रास आहे."

झोप तर नव्हतीच. पहाटे तीनला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत मनात कुठली ना कुठली तारीख घोळत राहायची. त्याशिवाय हळूहळू बरंच काही बाहेर आलं. पक्षकाराचा फोन वाजला की त्या मोबाइल उलटा करून ठेवायच्या. एका प्रकरणातला लेखी युक्तिवाद कित्येक दिवस "उद्या नक्की" म्हणून पडून होता. ती फाईल टेबलावरून कपाटात गेली आणि कपाटातून गाडीच्या मागच्या सीटवर आली, पण उघडली गेली नाही. मॅटर पुकारला की पुढची तारीख मागायची, एवढंच तोंडातून निघायचं. मी थेट विचारलं, "जगू नये असं वाटतं का?" बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सकाळी जाग आली नसती तर बरं झालं असतं, असं वाटतं. स्वतःला काही करून घ्यावं असं नाही." अशा उत्तरानंतर चालढकल करून चालत नाही. त्याच भेटीत आम्ही ठरवलं की मन फारच खाली गेलं तर कुणाला फोन करायचा, आणि घरात ही गोष्ट कुणाला माहीत असायला हवी. त्या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यायची, हेही ठरलं. समुपदेशक औषधं देत नाही आणि त्यांना औषधांची गरज आहे हे मला दिसत होतं.

बाई डॉक्टरांकडे गेल्या. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-बाराच्या तपासण्या झाल्या, नैराश्याचं निदान झालं, गोळ्या लिहून मिळाल्या. पुढच्या भेटीत कळलं की गोळ्या त्यांनी पार हडपसरच्या दुकानातून आणल्या होत्या. नाव दिसू नये म्हणून स्ट्रिपमधून एकेक काढून कॅल्शियमच्या डबीत भरल्या होत्या. घेतली मात्र एकही नव्हती.

"का नाही घेतल्या?"

"मॅडम, अशी चिठ्ठी कोर्टात काय करते ते मला माहीत आहे. मी स्वतः ते केलंय." मग त्यांनी सांगितलं. नवऱ्याच्या बाजूनं उभं राहायचं असलं की समोरच्या बाईला उलटतपासात विचारायचं, "तुम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे जात होतात, हे खरं की खोटं?" एवढंच. "बाई खाली बघायला लागते. पुढचे सगळे प्रश्न सोपे जातात."

त्यांची भीती उगीचची आहे, असं मी म्हटलं नाही. त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. आपल्याकडे मानसिक आजाराची लाज सगळ्याच व्यवसायांत आहे, पण वकिलीत आजाराची चिठ्ठी पुरावा म्हणून समोर ठेवली जाते. हे रोज बघणारा माणूस स्वतःची चिठ्ठी लपवणारच. मी एवढंच विचारलं, "त्या बाईनं काय उत्तर दिलं असतं तर तुमचा प्रश्न फुकट गेला असता?"

त्या वकिलासारख्या विचार करायला लागल्या. बऱ्याच दिवसांनी चेहऱ्यावर जरा तरतरी दिसली. "'हो, जात होते. उपचार घेतले. नोकरी करते आहे, मुलाचं सगळं करते आहे.' असं म्हणाली असती, तर मला पुढे विचारायला काही उरलं नसतं."

गोळी त्यांनी त्या रात्री घेतली.

सनदेच्या प्रश्नाचं उत्तर मी तोंडी दिलं नाही. कायदा त्या माझ्यापेक्षा चांगला वाचतात, म्हणून ते काम त्यांच्यावरच सोपवलं. पुढच्या वेळी वहीत टिपणं घेऊन आल्या. अधिवक्ता कायदा, १९६१. कलम २४-अ मध्ये सनद कुणाला नाकारता येते ते आहे. तिथे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली शिक्षा वगैरे कारणं आहेत, आजाराचं नाव नाही. कलम ३५ गैरवर्तनाबद्दल आहे आणि उपचार घेणं हे गैरवर्तन नव्हे. मग मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून ती व्यक्ती विकल मनाची ठरत नाही, तसं सक्षम न्यायालयानंच ठरवावं लागतं. कलम २३ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर बंधनकारक आहे. अपवाद आहेत, ते मी पहिल्याच भेटीत सांगते: जिवाला धोका असेल किंवा सक्षम न्यायालयाचा आदेश असेल, तर. कलम २१ मध्ये आरोग्य विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं, असं आहे. या कायद्याचा मसुदा होत असताना पुण्यातल्याच आयएलएस (इंडियन लॉ सोसायटी) या संस्थेच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रातल्या मंडळींचा त्यात सहभाग होता. हे त्यांना माहीत नव्हतं. वही मिटताना त्या म्हणाल्या, "म्हणजे औषधानं सनद जात नाही. तारखा चुकवून मात्र तक्रार होऊ शकते." मला नेमकं हेच म्हणायचं होतं. प्रॅक्टिसला धोका असतो तो उपचार न घेता रेटत राहण्यात.

आणखी एक गोष्ट त्यांना आतून खात होती. बाररूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, सगळे हसतखेळत चहा पितात, मीच एकटी कच्ची निघाले. पण त्या एकट्या नव्हत्या. अमेरिकेत प्रॅक्टिस करणाऱ्या सुमारे तेरा हजार वकिलांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २८ टक्के वकिलांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. तिथली न्यायव्यवस्था वेगळी, पण दिवसभर दुसऱ्याच्या भांडणात उभं राहणं, समोरचा कुठे चूक काढेल या धास्तीत प्रत्येक ओळ तपासणं आणि तीच उणीव शोधणारी नजर घरी आल्यावर स्वतःवर लावणं, हे इकडेही तेच आहे. कौटुंबिक न्यायालयात तर आईबापांच्या भांडणात कानकोंडी झालेली लेकरं रोज दिसतात.

औषधाचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. हा काळ कठीण जातो, कारण पोटात मळमळ असते आणि मनाला फरक नसतो. या काळात मी त्यांना एकच काम दिलं. ती गाडीतली फाईल रोज दहा मिनिटं उघडायची. लिहिलं नाही तरी चालेल. सुरुवातीला त्यांनी नुसती पानं उलटली. मग तारखांचा तक्ता केला. युक्तिवाद सादर झाला तेव्हा तो त्यांच्या नेहमीच्या दर्जाचा नव्हता असं त्यांचं मत होतं. मला तो सादर झाला याचंच मोल वाटलं.

"मग बाररूममध्ये सगळ्यांना सांगून टाकू का?" असं मला विचारतात. माझं मत आहे की नाही. आजार खाजगी ठेवणं हा तुमचा हक्क आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कुणालाच न सांगणं महाग पडतं. आम्ही माणसं निवडली आणि वाक्यंसुद्धा आधी लिहून काढली. ज्युनियरला सांगायचं: "माझी तब्येत बरी नाही, उपचार सुरू आहेत. पुढचे दोन महिने नवीन मॅटर घ्यायचं नाही आणि रोजचा बोर्ड तू आदल्या दिवशी मला वाचून दाखवायचा." (बोर्ड म्हणजे त्या दिवशी कोर्टात असलेल्या प्रकरणांची यादी.) आजाराचं नाव तिथे घेतलं नाही. नाव फक्त नवऱ्याला आणि एका ज्येष्ठ वकील मैत्रिणीला सांगितलं. मैत्रीण फोनवर क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मी पण घेत होते गं, धाकटीच्या वेळेनंतर." इतकी वर्षं दोघी एकाच बाकावर डबा खात होत्या.

हे वाचणारे कुणी वकील असतील आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदासी, झोपमोड, कशातच रस नसणं असं चाललं असेल, तर मे महिन्याच्या सुट्टीची वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. औषधं सुरू असतील तर बरं वाटल्यावर मनानं बंद करू नका. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळूच कमी करायची असतात. बाईंच्या गोळ्या अजून चालू आहेत.

मध्यंतरी त्यांच्याकडे एक पक्षकार आला. बायकोची मानसोपचारांची फाईल बरोबर घेऊन आला होता. घटस्फोट हवा, आणि हाच पुरावा. बाईंनी त्याला सांगितलं की हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये नुसता आजार असून भागत नाही. सोबत राहणं अशक्य व्हावं इतका तो गंभीर असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच म्हटलं आहे. "गोळ्या घेते हा मुद्दा होत नाही. संसारात नेमकं काय बिनसलं ते सांगा, त्यावर अर्ज लिहू." तो आधी चिडला, मग दीड तास बोलत बसला. फाईल बाईंनी त्याला घरी परत न्यायला लावली. दोघं आता मध्यस्थीसाठी येतात.